गिनीपिगची आंघोळ : पाणी थोडे, पंचे जास्त

निरोगी, आखूड केसांच्या पाळीव गिनीपिगला वर्षभरात एकदाही आंघोळ घातली नाही, तरी त्याचे काही बिघडत नाही. हा प्राणी दिवसातून अनेकदा स्वतःचे अंग चाटतो, पायांच्या नखांनी केस विंचरतो आणि मानेपासून पोटापर्यंत अंगाची साफसफाई करत राहतो. अधूनमधून त्याच्या डोळ्यांत दुधासारखा पांढरा स्राव येतो. तो पुढच्या पंजांवर घेऊन गिनीपिग चेहरा पुसतो. नव्याने प्राणी पाळणाऱ्याला हा डोळ्याचा आजार वाटतो, पण क्षणभर दिसून नाहीसा होणारा हा स्राव नैसर्गिक असतो. तो सतत वाहत राहिला, पिवळट झाला किंवा पापण्यांवर खपली धरू लागला, तरच काळजीचे कारण आहे.

गिनीपिगचे मूळ दक्षिण अमेरिकेत, पेरू आणि बोलिव्हियाच्या अँडीज पर्वतरांगांत आहे. तिथल्या लोकांनी काही हजार वर्षांपूर्वी तो मांसासाठी माणसाळवला, आजही तिथे तो ‘कुई’ नावाने खाल्ला जातो. सोळाव्या शतकात तो युरोपात पोचला आणि श्रीमंतांच्या घरी कौतुकाचा प्राणी झाला. गवताळ पठारांवरच्या या रहिवाशाला थंड हवा मानवते, पण ओले होणे मानवत नाही. पूर्ण वाढलेल्या गिनीपिगचे वजन साधारण ७०० ग्रॅम ते १२०० ग्रॅम असते आणि शरीराचे तापमान ३७ ते ३९.५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान. एवढ्या लहान देहाला वजनाच्या मानाने कातडीचा पसारा मोठा असतो, त्यामुळे उष्णता झपाट्याने निघून जाते. केस कोरडे असताना त्यांच्यात अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. ते भिजले की हे पांघरूण जाते आणि प्राणी काही मिनिटांत थंड पडू लागतो. थंडीने आणि भीतीने दमलेल्या गिनीपिगला श्वसनमार्गाचा संसर्ग पटकन गाठतो. बोर्डेटेला आणि स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूंमुळे होणारा न्यूमोनिया हे या प्राण्याच्या मृत्यूचे नेहमीचे कारण आहे. आंघोळीतला मुख्य धोका त्यामुळे बुडण्याचा नसून नंतर ओले राहण्याचा आहे.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंडसारख्या गावात हा धोका जास्त ठळक होतो. समामिश सरोवराच्या उत्तर टोकाला असलेले हे गाव १९८६ पासून मायक्रोसॉफ्टच्या मुख्यालयासाठी ओळखले जाते. त्या आणि आसपासच्या कंपन्यांच्या निमित्ताने इथे आणि शेजारच्या बेलव्ह्यू, किर्कलंड, समामिश भागांत बरीच मराठी कुटुंबे स्थायिक झाली आहेत. कुत्र्याला वेळ देता येत नाही आणि मुलांना तर प्राणी हवाच असतो, अशा घरात तडजोड म्हणून अनेकदा गिनीपिग येतो. कधी दुकानातून, तर कधी बेलव्ह्यूमधल्या सिएटल ह्युमेनसारख्या निवारा-संस्थेतून. ऑक्टोबर ते एप्रिल इथे आभाळ भरलेले आणि हवा दमट असते. डिसेंबर-जानेवारीत दिवसाचे तापमान सहसा एक आकडी असते. अशा दिवसांत टांगलेला टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओलसर लागतो. दाट केसांचा प्राणी ‘आपोआप वाळेल’ हा पुण्या-नाशिकच्या उन्हाळ्यातला भरवसा इथे चालत नाही.

त्यात मराठी घरात रोजच्या आंघोळीचा संस्कार पक्का. नरक चतुर्दशीला रेडमंडमध्ये बाहेर मिट्ट काळोख आणि गारठा असला, तरी उटणे लावून अभ्यंगस्नान होते. त्या उत्साहात पिंजऱ्यातल्या सदस्यालाही न्हाऊ घालावे, असे मुलांना वाटणे स्वाभाविक आहे. त्याला मात्र या सणातून वगळावे. उटण्याची किंवा बेसनाची भुकटी त्याच्या नाकाडोळ्यांत जाते आणि केसांच्या मुळाशी चिकटून बसते. शिकेकाई आणि रिठा डोळ्यांना झोंबतात. सुगंधी तेलाचा वास त्याच्या तीक्ष्ण नाकाला असह्य होतो, शिवाय अंगाला लावलेली प्रत्येक गोष्ट तो शेवटी चाटून पोटात घेतो. चिंचिलाला लागते तशी धूळ-आंघोळही गिनीपिगला नको. दुकानात दोघांचे सामान एकाच फळीवर असते म्हणून ही चूक वारंवार होते. बारीक धुळीने गिनीपिगच्या डोळ्यांना आणि फुप्फुसांना त्रास होतो.

‘वास येतो’ हे आंघोळीचे सर्वांत जास्त सांगितले जाणारे कारण. हा वास प्राण्याचा नसून बहुतेक वेळा पिंजऱ्याचा असतो. गिनीपिग भरपूर खातो, भरपूर लेंड्या टाकतो आणि लघवीत भिजलेल्या अंथरुणातून अमोनिया सुटतो. प्राण्याला धुऊन त्याच अंथरुणावर परत ठेवले, तर दोन दिवसांत वास परत येतो. मधल्या मध्ये त्याला गारठा आणि धास्ती तेवढी मिळते. ओला भाग रोज काढणे, आठवड्यातून एकदा सगळे अंथरूण बदलणे आणि जागा पुरेशी देणे, हा यावरचा खरा उपाय आहे. दोन गिनीपिगांना किमान साडेसात चौरस फूट मोकळी जमीन हवी, असे अमेरिकेतल्या प्राणी-कल्याण संस्था सांगतात. दुकानात ‘गिनीपिगचा पिंजरा’ म्हणून विकले जाणारे बरेच पिंजरे याच्या निम्मेही नसतात.

अंथरुणाच्या बाबतीत वॉशिंग्टन राज्यात एक खास सापळा आहे. इथल्या जंगलात सीडारचे प्रचंड वृक्ष आहेत आणि त्याचा लाकडी भुसा सुवासिक म्हणून लोकांना आवडतो. तोच सुवास देणारी तेले गिनीपिगच्या श्वासनलिकेला आणि त्वचेला त्रासदायक असतात. कागदाच्या लगद्याचे अंथरूण, अ‍ॅस्पेनचा भुसा किंवा खाली शोषक थर घातलेले फ्लीसचे कापड चांगले. फ्लीस धुताना सुगंधी फॅब्रिक सॉफ्टनर घालू नये, कारण त्याने कापडाची पाणी झिरपू देण्याची क्षमता जाते आणि वास प्राण्याला सोसावा लागतो.

आंघोळीची खरी गरज पडते अशा वेळा मोजक्या आहेत. पहिली वेळ लांब केसांच्या जातींची. पेरुव्हियन, सिल्की, टेक्सेल या जातींचे केस जमिनीवर लोळतात, मागच्या भागात लघवी, लेंड्या आणि गवताच्या काड्या अडकून जटा होतात. अशा प्राण्याला रोज विंचरावे लागते आणि मागचे केस कात्रीने आखूड ठेवावे लागतात. एवढे केले तर दोन-तीन महिन्यांनी एखादी आंघोळ पुरते. अ‍ॅबिसिनियनच्या अंगावर केसांचे भोवरे असतात, पण केस आखूड असल्याने त्याला ही गरज सहसा पडत नाही. जवळजवळ केसच नसलेला ‘स्किनी’ गिनीपिग पाहून त्याला वारंवार धुवावेसे वाटते. त्याची उघडी कातडी मात्र साबणाने लगेच कोरडी पडून भेगाळते. ओल्या मऊ कापडाने पुसणे त्याला पुरे.

दुसरी वेळ शेपटीच्या जागेवरच्या तैलग्रंथीची. गिनीपिगला शेपूट नसते, पण जिथे ती असायला हवी होती तिथे, पाठीच्या अगदी टोकाला, एक ग्रंथी असते. तिच्यातून चिकट, मेणचट द्रव पाझरतो आणि प्राणी बूड जमिनीवर घासत त्याने आपल्या हद्दीवर खूण करतो. वयात आलेल्या नरांत ही ग्रंथी जास्त सक्रिय असते. तिथले केस चिकटून काळपट, घट्ट थर बसला, तर खालची कातडी चिघळू शकते. यासाठी पूर्ण आंघोळीचे कारण नाही. मराठी स्वयंपाकघरातले साधे खोबरेल तेल इथे उपयोगी पडते. थेंबभर तेल त्या थरावर चोळून पाच-दहा मिनिटे मुरू द्यायचे, मऊ झालेला थर कापसाने हलकेच टिपून घ्यायचा आणि उरलेले तेल सौम्य शाम्पूच्या पाण्याने तेवढ्याच जागी धुऊन टाकायचे. थर ओढून काढू नये, त्याबरोबर कातडी निघते. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तपासणी पुरेशी आहे, आणि मादीत तर तीही क्वचितच लागते.

तिसरी वेळ सर्वांत महत्त्वाची, कारण तिथे घाण हे आजाराचे लक्षण असते. मागचा भाग पुन्हा पुन्हा माखत असेल, तर धुण्याआधी कारण शोधायला हवे. पाले एकदम जास्त दिले किंवा फळे वाढली की लेंड्या मऊ होतात. लठ्ठ झालेल्या किंवा सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या गिनीपिगला वळून स्वतःला साफ करता येत नाही. मूत्रमार्गात खडे झाले तर लघवी ठिबकत राहते, कातडी लाल होते आणि लघवी करताना तो कळवळून ओरडतो. हा आजार गिनीपिगांत नेहमीचा आहे आणि त्यात आंघोळीने दिवस तेवढे वाया जातात. म्हाताऱ्या नरांत आणखी एक त्रास दिसतो. गुदद्वारालगतच्या पिशवीचे स्नायू सैल पडतात आणि तिथे मऊ विष्ठेचा गोळा अडकतो. याच मऊ लेंड्या एरवी गिनीपिग पुन्हा खातो आणि त्यांतून जीवनसत्त्वे मिळवतो, म्हणजे त्या अडकणे हे पोषणाचेही नुकसान. हा गोळा खनिज तेलाने मऊ करून काढता येतो, पण ती पद्धत पहिल्यांदा पशुवैद्याकडून प्रत्यक्ष पाहूनच शिकावी.

अशा वेळी सबंध प्राणी भिजवण्याऐवजी फक्त मागचा भाग धुणे, हा मध्यम मार्ग उत्तम. उथळ भांड्यात दोन-तीन सेंटिमीटर कोमट पाणी घ्यावे, प्राण्याचे पुढचे पाय कोरड्या पंच्यावर आणि मागचे पाण्यात राहतील असा धरावा, माखलेली जागा हाताने ओली करत सुटी करावी आणि लगेच पुसून काढावी. पाच मिनिटांचे काम. घरात गिनीपिग असलेल्यांना नियमित लागते ती बहुधा हीच आंघोळ. उन्हाळ्यात माखलेला मागचा भाग तसाच राहू दिला, तर माश्या अंडी घालतात आणि अळ्या जिवंत कातडीत शिरतात. हा प्रकार काही तासांत जीवघेणा होतो.

खाजेचा विषय निराळा आहे. ट्रिक्साकॅरस कॅव्हिए नावाचा सूक्ष्म किडा गिनीपिगच्या कातडीत बिळे करून राहतो. त्याने इतकी भयंकर खाज सुटते, की प्राणी खाजवता खाजवता स्वतःला जखमा करून घेतो आणि हाताळल्यावर त्याला झटकेही येऊ शकतात. या किड्याला पाण्याने किंवा शाम्पूने काही होत नाही, कारण तो कातडीच्या आत असतो. आयव्हरमेक्टिन किंवा सेलामेक्टिनचे वजनानुसार ठरवलेले डोस पशुवैद्याकडूनच घ्यावे लागतात आणि ठरावीक दिवसांनी पुन्हा द्यावे लागतात. अंगावर गोल टक्कल आणि खवले दिसले तर ते गजकर्ण असू शकते. ते मुलांच्या हातापायांवरही उमटते. त्यासाठी औषधी आंघोळ दिली जाते, पण तिचे द्रावण आणि दिवस डॉक्टर ठरवतात. दोन्ही कुशींवर सारखेच केस गळणे हे मोठ्या वयाच्या मादीत बीजकोशातल्या गाठींचे लक्षण असते. कुत्र्यामांजरांचा पिसवांचा शाम्पू, डेटॉल, कडुलिंबाचा अर्क, टी ट्री किंवा निलगिरीचे तेल यांतले काहीही स्वतःच्या बुद्धीने लावू नये.

कोरडी, कोंडा झडणारी कातडी आणि राठ केस पाहूनही अनेक जण आंघोळीकडे वळतात. माणसाप्रमाणेच गिनीपिगचे शरीर क जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. १९०७ साली नॉर्वेतल्या अ‍ॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक यांनी याच प्राण्यात स्कर्व्ही उत्पन्न करून दाखवला, आणि त्यातून या रोगाचा आहाराशी असलेला संबंध प्रयोगाने तपासण्याची वाट खुली झाली. घरच्या गिनीपिगला हे जीवनसत्त्व कमी पडले की केस आणि कातडी निस्तेज होतात, सांधे सुजतात, तो हलायला नाखूश होतो. त्यावर उपाय शाम्पू नाही. रोज ढोबळी मिरचीचा तुकडा आणि ताजा पाला द्यावा. कोथिंबीर तर बहुतेकांची लाडकी. फ्रिज उघडल्याचा आवाज ऐकूनच तो पिंजऱ्यातून ‘कुईक कुईक’ सुरू करतो. खाण्याचा मुख्य भाग मात्र कायम सुके गवतच हवा.

काही गिनीपिगांना आंघोळ घालूच नये. गाभण मादीला तर अजिबात नाही. गर्भाच्या भाराने आणि ताणाने तिच्या चयापचयाचा तोल एकाएकी बिघडू शकतो आणि त्यातून ती दगावते. गिनीपिगचा गर्भकाळ साधारण ५९ ते ७२ दिवसांचा, म्हणजे एवढ्या लहान प्राण्याच्या मानाने फार लांब असतो. पिल्ले केसांसह आणि डोळे उघडेच घेऊन जन्मतात, त्यामुळे ती मोठी वाटतात, पण काही आठवडे त्यांना कोरडेच ठेवावे. शिंकणारा, नाक वाहणारा, खाणे सोडलेला, नुकतीच शस्त्रक्रिया झालेला किंवा घरात येऊन चार दिवसच झालेला प्राणी, यांनाही पाणी दाखवू नये. दुकानातून घरी आल्या आल्या ‘स्वच्छ करून घेऊ’ ही घाई विशेष वाईट. नव्या घराच्या धास्तीत ही दुसरी भर पडते.

पूर्ण आंघोळ ठरली, तर ती सकाळी उशिरा किंवा दुपारी घालावी, म्हणजे रात्र होण्याआधी प्राणी वाळायला अवधी मिळतो. खोली २२ ते २४ अंशांपर्यंत उबदार करून दारे-खिडक्या बंद कराव्यात. रेडमंडमधल्या बऱ्याच न्हाणीघरांत वाफ बाहेर टाकणारा पंखा दिव्याबरोबरच सुरू होतो, तो बंद ठेवावा, कारण त्याचा झोत आणि घरघर दोन्ही नको. आदल्या दिवशी केस विंचरून जटा सोडवाव्यात. ओल्या जटा घट्ट आवळतात आणि कातडी ओढतात. शाम्पू, पेला, तीन-चार कोरडे पंचे, ड्रायर आणि थोडी कोथिंबीर आधीच हाताशी ठेवावी. भिजलेला प्राणी एका हातात धरून दुसऱ्या हाताने कपाट उघडण्याची वेळ आली, की अपघात होतो. कपड्यांच्या ड्रायरमध्ये पंचे पाच मिनिटे फिरवून गरम करून घेतले तर फारच छान. अमेरिकेतल्या घरी ही सोय जवळजवळ असतेच.

स्वयंपाकघराचे सिंक या कामाला वापरू नये. गिनीपिग दिसायला ठणठणीत असला, तरी त्याच्या विष्ठेतून साल्मोनेला जंतू पसरू शकतात. यासाठी दोन वेगळे प्लास्टिकचे टब ठेवावेत, एक धुण्याला आणि एक विसळायला. मोठ्या बाथटबमध्ये सोडणेही बरे नाही. त्याच्या गुळगुळीत तळावर पाय सटकतात आणि घाबरलेला प्राणी हाती लागत नाही. टबाच्या तळाशी जुना पंचा अंथरला की पायांना पकड मिळते, आणि पाय टेकले की निम्मी भीती जाते. पाणी पोटाला लागेल इतकेच, म्हणजे तीन ते पाच सेंटिमीटर. ते मनगटाच्या आतल्या बाजूला कोमट लागले पाहिजे, ना गार ना गरम. वॉशिंग्टन राज्यात १९८३ च्या कायद्याने नवीन वॉटर हीटर ४९ अंश सेल्सिअसवर लावून द्यायचे ठरले. माणसाची लहान मुले भाजू नयेत म्हणून ही काळजी घेतली गेली, पण ४९ अंशांचे पाणी गिनीपिगच्या पातळ कातडीला तरीही पोळते. म्हणून वाहत्या नळाखाली त्याला कधीच धरू नये. नळाचे तापमान मध्येच बदलते आणि पाण्याचा आवाज त्याला घाबरवतो तो वेगळाच.

उचलताना एक हात छातीखाली, दुसरा बुडाखाली, आणि प्राणी अंगाशी धरलेला. गिनीपिगची हाडे नाजूक असतात आणि उंचीचा त्याला अंदाज नसतो, तो हातातून सरळ उडी घेतो. म्हणून सगळे काम जमिनीवर बसून करणे सर्वांत सुरक्षित. लहान मुलांकडे पंचा धरण्याचे काम द्यावे, प्राणी धरण्याचे नको. आधी मागचे पाय पाण्यात, मग पुढचे. दोन क्षण त्याला अंदाज घेऊ द्यावा, मग पेल्याने पाठीवर हळूहळू पाणी सोडावे. मानेच्या पुढे पाणी जाऊ देऊ नये. चेहरा, कान आणि डोळ्यांच्या कडा ओल्या कापडाने नुसत्या पुसाव्यात, कानात पाणी गेले तर तिथे संसर्ग होतो. लहान प्राण्यांसाठी असलेला, सुगंध नसलेला शाम्पू पाण्यात पातळ करून मटाराएवढा वापरावा. माणसांचा शाम्पू गिनीपिगची कातडी कोरडी करतो. बाळांचा शाम्पू सौम्य म्हणून अनेक जण वापरतात, पण त्यातला सुगंध आणि त्याचा प्रकार या प्राण्यासाठी केलेला नसतो. फेस केसांत दोन मिनिटेही ठेवू नये. दुसऱ्या टबातले तितक्याच उष्णतेचे पाणी ओतत फेस पुरता निघून जाईपर्यंत विसळावे. पोटाखाली आणि मागच्या पायांच्या आतल्या घड्यांत फेस हमखास राहतो, आणि तोच नंतर चाटला जातो.

सगळा कार्यक्रम पाच ते दहा मिनिटांत आटोपला पाहिजे. प्राणी एकदम गोठल्यासारखा स्तब्ध बसला तर लोक ‘बघा, किती शांत आहे’ म्हणतात. प्रत्यक्षात धोका वाटला की निपचित होणे ही शिकार होणाऱ्या प्राण्यांची सवय आहे. डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, दात वाजवणे, धापा टाकणे ही भीतीची लक्षणे आहेत. असे झाले तर अर्धवट विसळलेला असला तरी लगेच उचलावे, विसळायचे काम ओल्या कापडाने पुरे करावे.

आता वाळवणे, आणि यालाच आंघोळीपेक्षा जास्त वेळ द्यायला हवा. पहिल्या पंच्यात गुंडाळून दाबत दाबत पाणी टिपावे. घासू नये. पहिला भिजला की लगेच दुसरा, मग तिसरा. त्यानंतर ड्रायर, मंद वेगावर आणि कमी उष्णतेवर, किमान एक हात लांब. आपला दुसरा हात झोताच्या आणि प्राण्याच्या मध्ये ठेवावा. हाताला गरम लागले तर ते त्याला नक्कीच जास्त आहे. गिनीपिगचे कान माणसापेक्षा कितीतरी उंच स्वरांचे आवाज ऐकतात, त्यामुळे काहींना ड्रायर मुळीच सहन होत नाही. अशांना मांडीवर, गरम पंच्यात, वीस-पंचवीस मिनिटे धरून कोथिंबीर चारत बसण्याला पर्याय नाही. लांब केस थर उचलून मुळापर्यंत वाळवावे लागतात. वरून कोरडा वाटणारा पेरुव्हियन आत तासभर ओला असू शकतो. हाताची बोटे केसांत घालून पोट, काखा आणि मांड्यांच्या सांध्यात ओल उरली नाही याची खात्री करावी. नखे या वेळी मऊ झालेली असतात, म्हणून कापायची असल्यास हीच वेळ सोयीची. पण प्राणी आधीच थकलेला असेल तर ते दुसऱ्या दिवसावर टाकावे.

पूर्ण कोरडा झाल्यावरच त्याला स्वच्छ, कोरड्या अंथरुणावर सोडावे आणि पुढचे काही तास खोली उबदार ठेवावी. हीटरच्या झोताखाली मात्र पिंजरा नको, तिथून हलता न येणारा प्राणी तापतो. गिनीपिग एकटा राहणारा प्राणी नाही, आणि एकटा गिनीपिग पाळण्यावर स्वित्झर्लंडमध्ये २००८ सालापासून कायदेशीर बंदी आहे. पण जोडीतल्या एकाला धुतले की त्याचा ओळखीचा वास जातो, आणि जोडीदार, विशेषतः दुसरा नर, त्याला परका समजून दात वाजवत अंगावर येऊ शकतो. त्यासाठी जोडीदाराने वापरलेले एखादे कोरडे कापड पिंजऱ्यात ठेवावे आणि पहिली काही मिनिटे लक्ष ठेवावे. पुढच्या दिवसभरात तो गवत खातो आहे ना आणि लेंड्या नेहमीइतक्या आहेत ना, हे पाहावे. बारा तास काहीच खाल्ले नाही तर ती तातडीची बाब आहे. सतत खाण्यावर चालणारे त्याचे आतडे एवढ्यात थंडावते. श्वास घेताना खरखर, शिंका, नाकाभोवती खपली, पंख फुलवलेल्या पक्ष्यासारखे अंग फुगवून कोपऱ्यात बसणे, यांपैकी काही दिसले तर वाट पाहू नये. घरातले उरलेले अ‍ॅमॉक्सिसिलिन देण्याचा मोह तर मुळीच नको. पेनिसिलिन गटातली तोंडाने दिलेली औषधे गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतात आणि प्राणी त्यानेच दगावतो. कुत्र्यामांजरांचा प्रत्येक डॉक्टर या प्राण्याचा जाणकार नसतो, म्हणून ‘एक्झॉटिक’ प्राणी पाहणाऱ्या डॉक्टरांचा नंबर गिनीपिग घरी आल्या दिवशीच शोधून ठेवावा.

उन्हाळ्यातली आंघोळ हा वेगळा गैरसमज आहे, आणि तो रेडमंडइतकाच नागपुरातही आढळतो. गिनीपिगला घाम येत नाही. १८ ते २४ अंश हे त्याला सुखाचे तापमान, आणि २७-२८ अंशांच्या पुढे उष्माघाताचा धोका वाढत जातो. सिएटल परिसरात उन्हाळा एरवी सौम्य असतो, म्हणून कित्येक घरांत वातानुकूलन नव्हते. २८ जून २०२१ रोजी सिएटलच्या विमानतळावर पारा ४२.२ अंशांवर गेला. घरातल्या लहान प्राण्यांसाठी असा दिवस भयंकर असतो. अशा वेळी त्याला थंड पाण्यात बसवणे हा उपाय नाही. अचानक गारठ्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच कोंडते. पिंजरा घरातल्या सर्वांत थंड, खालच्या मजल्यावरच्या खोलीत हलवावा, टेकून बसायला फरशीचा तुकडा द्यावा, गोठवलेली पाण्याची बाटली पंच्यात गुंडाळून शेजारी ठेवावी, पाण्याने भरलेल्या काकडीसारख्या भाज्या द्याव्यात. पंख्याचा थेट झोत अंगावर नको. प्राणी आडवा पडून धापा टाकत असेल, लाळ गळत असेल, हाकेला प्रतिसाद देत नसेल, तर थंडगार नव्हे, साध्या पाण्याने त्याचे कान आणि पाय ओले करावेत आणि तसाच ओल्या कापडात घेऊन दवाखाना गाठावा.